माधवने पाहिलेला वेशीचा राखण्या

माधव गेल्याचं मला त्याच्या शोकसभेच्या निमंत्रणावरून कळलं. मी तेव्हा परभणीला लेकीकडे होतो. अक्षय्य तृतीया नुकतीच होऊन गेली होती. टपालवाल्याने सोनेरी कडेचं जाड कार्ड हातात दिलं तेव्हा मला वाटलं, कुणाकडे तरी लग्न निघालं. वर अध्यक्षांचं नाव हुद्द्यासकट, त्याखाली प्रमुख पाहुण्यांचं, त्याखाली स्वागताध्यक्षांचं (शोकसभेला स्वागताध्यक्ष असतो हे मला या वयात नव्याने समजलं), आणि मग छापणाऱ्याला जेवढी जागा उरली तेवढ्यात, बारीक टायपात, ‘कै. माधव मास्तर यांच्या दुःखद निधनानिमित्त’. ती ओळ वाचून मी कार्ड उलटं केलं. पाठीमागे काही खुलासा असेल असं वाटलं असावं... पाठीमागे छापखान्याची जाहिरात होती.

जालन्याला पोहोचलो तो सभेच्याच दिवशी. शाळेच्या ज्या सभागृहात माधवला कधी पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली नव्हती, तिथे व्यासपीठावर त्याची मोठी तसबीर ठेवली होती. घाईने रंगवून घेतलेली. चित्रकाराने त्याच्या उजव्या हातात ब्रश दिला होता. माधव डावखुरा होता. त्याच्या वर्गात बसलेलं कुठलंही पोर हे सांगू शकलं असतं, पण पोरांना कुणी विचारलं नसावं. एकामागून एक वक्ते उठले. कुणी त्याला कलेचा उपासक म्हणालं, कुणी संस्कृतीचा पहारेकरी. एकाने तर शेवटपर्यंत त्याचं नाव मधुकर म्हणून घेतलं आणि कुणीही त्याला अडवलं नाही. सगळ्यात शेवटी उठले ते गोदाकाठच्या एका गावच्या देशमुखांचे चिरंजीव. हे आता हैदराबादेत वकिली करतात, पुढेमागे कुठल्या तरी कौन्सिलात बसायची इच्छा बाळगून आहेत, आणि लहानपणी वर्षभर माधवच्या हाताखाली शिकलेही आहेत. त्यांनी जाहीर केलं की आमच्या गावच्या वेशीच्या जागेवर आम्ही माधव मास्तरांच्या नावाने दगड-चुन्याची भव्य कमान बांधणार, आणि तिच्यावर मास्तरांचा आवडता दोन तोंडांचा देव, मास्तरांच्याच चित्रावरून घडवून बसवणार. उद्घाटनाला अव्वल तालुकदारसाहेबांनी येण्याचं कबूल केलं आहे. हैदराबाद संस्थानाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अव्वल तालुकदार म्हणजे तुमच्याकडचा कलेक्टर.

टाळ्या कडाडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या हेडमास्तरांनी पाहिलं की मी हात मांडीवरच ठेवले आहेत. त्यांनी हळूच माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांना वाटलं, दुःख. दुःख नव्हतं ते. ज्या घराण्याने ती वेस पाडली, त्याच घराण्याने ती माधवच्या नावाने पुन्हा उभारायची आणि वर टाळ्याही घ्यायच्या, हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं. ते अजून फिरलेलंच आहे. म्हणून हा लेख.

माधव मूळचा भोकरदनकडच्या धावड्याचा. घरची शेती, भाऊबंद शेतकरी. त्याने मात्र लहानपणीच घराच्या भिंती कोळशाने भरून टाकल्या आणि बापाचा मार खाऊन चित्रकलेकडे वळला. आमच्या सरकारी शाळेत सगळं शिक्षण उर्दूतून चालतं. ड्रॉइंगला भाषा लागत नाही म्हणून मला नोकरी मिळाली, असं तो म्हणे. मी त्याच शाळेत इतिहास शिकवत होतो, म्हणजे राजघराण्याची वंशावळ पोरांकडून पाठ करून घेत होतो. तो मला नावाने हाक मारत नसे. “काय इतिहासकार, आज कोण गादीवर बसलं?” एवढं विचारून तो माझ्या डब्यातली चटणी उचलायचा. त्याला दारांचं वेड होतं. आपली माणसं घर कसं आहे ते बघतात, हा फक्त दार बघायचा. चौकटीवरचा गणपती, उंबरठ्यावरची कमळं, देवळाच्या दाराशी गदा घेऊन उभे असलेले द्वारपाल. सुट्टी लागली की सायकल काढून अंबड, घनसावंगी, शहागड, जिथे जुनी चौकट दिसेल तिथे रस्त्यातच बसून काढायला सुरुवात. लोकांना आधी वाटे की हा महसूल खात्याचा माणूस, घरावर नवी पट्टी बसणार. बायका आतून कडी लावून घेत. तो म्हणे, बरं झालं, बंद दार जास्त चांगलं काढता येतं.

त्याला दोन तोंडांचा देव भेटला तो एका पुस्तकात. मिशनच्या दवाखान्यात तेव्हा एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मायदेशी परत जाताना आपली पुस्तकं वाटून टाकली आणि इटलीतल्या जुन्या मूर्तींच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक माधवला दिलं. रोमच्या लोकांचा दोन तोंडांचा देव पुष्कळांना ऐकून माहीत असतो, दाढीवाला, नाण्यांवरचा. माधवला सापडला तो त्याच्याहून कमी नावाजलेला. रोमच्या शेजारी एट्रुस्कन नावाचे लोक राहत. रोम मोठं झालं आणि हे मागे पडले. त्यांच्या दारांच्या देवाचं नाव कुल्सान्स. एका गावात, नगराच्या वेशीजवळच, जमिनीतून त्याची काशाची लहानशी मूर्ती निघाली. माधवने ती मला इतक्या वेळा दाखवली की आजही डोळे मिटले तरी ती दिसते: सडपातळ तरुण पोरगा, अंगावर कपडा नाही, पायात मात्र पोटरीपर्यंत बूट, डोक्यावर जनावराच्या कातड्याची टोपी, गळ्यात पीळदार कडं, एक हात ऐटीत कमरेवर आणि दुसऱ्या हातातली वस्तू हरवलेली. आणि एका मानेवर दोन चेहरे, दोन्ही बिनदाढीचे, एक पुढे बघणारा, एक मागे.

“बूट, टोपी, कमरेवर हात,” मी म्हणालो, “हा हुबेहूब कचेरीतला चपराशी आहे. फक्त कपडे विसरलाय.”

“मंग? दारावर चपराशीच लागतो,” माधव म्हणाला. “राजाला कोण उभं करतं दारात?”

त्या मूर्तीच्या मांडीवर तिकडच्या लिपीत अक्षरं कोरलेली होती. ज्याने ती वाहिली त्याचं नाव. याचं माधवला फार हसू यायचं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव घालतात, तिकडच्यांनी देवाची मांडीही सोडली नाही. त्याच लोकांच्या एका शहराच्या नाण्यांवरही टोकदार टोपी घातलेलं दोन तोंडांचं बिनदाढीचं डोकं आहे. नाणं, मूर्ती, सगळीकडे तो तरुणच. माधव म्हणे, दारावर म्हातारा बसवला तर तो झोपतो, एवढी अक्कल त्यांना होती.

आता मुख्य गोष्ट. एका वैशाखात आम्ही दोघे सायकलींवर शहागडच्या बाजूला गेलो होतो. तिथल्या एका गावाला जुनी दगडी वेस होती. वेशीच्या डाव्या अंगाला, चौकटीला टेकून, कमरेएवढा एक शेंदरी दगड उभा असे. गाव त्याला राखण्या म्हणत असे. पोळ्याला गावचे बैल मिरवून वेशीतून आत येत तेव्हा त्याला तेल आणि शेंदूर चढे. शेंदराचा थर इतका जाड की आत काय आहे कुणाला कळू नये. पण ज्यांनी आपल्याकडचे शेंदरी देव पाहिले आहेत त्यांना माहीत असेल, की वर्षानुवर्षं चढलेलं हे कवच कधीतरी, बहुधा कडक उन्हाळ्यात, आपोआप सुटून पडतं. आम्ही पोहोचलो त्याच्या आदल्याच दिवशी राखण्याचं कवच सुटलं होतं. दगड उघडा होता, काळाभोर, तेल पिऊन चकचकीत. आणि त्याला दोन तोंडं होती. एक बाहेर, रस्त्याकडे. एक आत, गावाकडे. दोन्ही कोवळी, बिनदाढीची. दोघांत मिळून कान मात्र दोनच. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, भर उन्हात, हात लावून पाहिलं.

माधवने सायकल तिथेच आडवी टाकली. राखण्याची पूजा ज्या घराकडे होती त्या घरातले बाळाजी आबा तिथेच बसले होते. मेंढरं राखणारं घराणं, आता शेती करत असलेलं.

“देवानं खोळ टाकली,” आबा म्हणाले. “आता नवी चढवायची. बगून घ्या, मंग झाकाया लागंल.”

“आबा, बाहेरचं तोंड समजलं,” मी विचारलं. “चोरासाठी. आतलं कशापायी?”

“आतलं आमच्यासाठी.”

“तुम्हीच आत राहता, तुमच्यावर कसली पाळत?”

“जानारा कसा चाल्लाय ते बगाया नको व्हय? समदे काय बाजारालाच जात न्हाईत. लेक नांदाया जाती. कुनी भांडून जातं. कुनी चौघांच्या खांद्यावर जातं. त्यांच्याकडं बगनारं कुनीतरी पायजेच की.”

माधवने दिवसभर बसून दोन्ही तोंडं काढली. परतताना मी इतिहासकाराच्या थाटात विचारलं, की मग इटलीतला देव इथे आला की इथला तिकडे गेला? तो सायकलवरून उतरला. “कुणी कुठं गेलं न्हाई,” तो म्हणाला. “दार केलं की दाराला दोन बाजू येतात. दोन बाजूंकडे बघायचं तर दोन तोंडं लागतात. हे सुचायला कुणी कुणाला शिकवायची गरज आहे का? तिकडच्या माणसालाही सुचलं, इकडच्याही. मला यातच मजा वाटते, आणि तुला लगेच वंशावळ पाहिजे.” पुढे एक व्याख्याते जालन्यात आले आणि आपल्याच पूर्वजांनी गोदावरीकाठाहून इटलीत जाऊन देव स्थापले असं गर्जून गेले. त्यांना माधव शेजारी बसायला हवा होता. माधवने निरोप धाडला की मला सर्दी झाली आहे. सर्दी महिनाभर टिकली.

त्यानंतर पोळे आले गेले, दगडावर पुन्हा शेंदूर चढला, आणि मग मोटार आली. म्हणजे यायची होती. तेव्हाचे अव्वल तालुकदारसाहेब शिकारीसाठी देशमुखांकडे मुक्कामाला येणार होते. साहेबांची मोटार थेट वाड्यापुढे उभी राहावी ही देशमुखांची फार दिवसांची हौस. वेस मोजली. मोटार जाईना, थोडक्यासाठी जाईना. साहेब वेशीबाहेर उतरून चालत वाड्यावर आले असते तर आभाळ कोसळलं नसतं. पण देशमुखांचं कोसळलं असतं. त्यांनी वेशीचं डावं अंग पाडून टाकायचा हुकूम दिला. राखण्याला पहारीने उचकटलं, त्यात बाहेरच्या तोंडाचं नाक आणि वरचा ओठ उडाला. वेशीच्या जागी बांबू, रंगीत कागद आणि झेंडूची कमान उभी राहिली, वर उर्दूत ‘खुशआमदीद’. आणि मोटार? ती गावाअलीकडच्या ओढ्यात, काळ्या मातीत रुतून बसली. साहेब देशमुखांच्याच दमणीतून, म्हणजे बैलांच्या छकड्यातून, आले. ती दमणी त्या वेशीतून रोज आत-बाहेर करत असे. कागदाची कमान संध्याकाळच्या वाऱ्यात पडली.

हे आम्हाला जालन्यात कळेपर्यंत काही दिवस गेले. माधवने रजा काढली, मी त्याच्याबरोबर गेलो. वेशीच्या जागी दगडांचा ढीग होता. राखण्या नव्हता. आबा घराच्या ओट्यावर बसले होते, डोकं गुंडाळून.

“आबा, राखण्या कुठाय?” माधवने विचारलं.

“पोचवला.”

“कुठं पोचवला?”

“गंगेला.” आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

“अहो, पण का?”

“नाक फुटलं व्हतं, मास्तर. फुटक्या देवाला तेल लावत न्हाईत. तुमच्या धावड्याला लावीत असतेल तर ठावं न्हाई.”

“नाकच ना! आतलं तोंड शाबूत होतं की!”

“अर्धा देव आसतोय का कुटं?” आबा म्हणाले. “बराबर वाजवत नेला. हलगी व्हती. साऱ्या गावात चूल पेटली न्हाई त्या दिशी. आम्ही काय करून राह्यलो हे आमालाबी कळत व्हतं.”

“मला एक सांगावा धाडायचा होता, आबा. एक!”

“कशापायी? तुमी काय सुतकातले हायेत?”

ओट्याखाली उभे असलेले लोक हसले. माधव हसला नाही. तो तिथेच मातीत बसला आणि म्हणाला, “हो. आहे.” मग कुणी हसलं नाही.

गावाने चूक केली असं मी कधी म्हटलं नाही. शहरातल्या माणसाने तो दगड उचलून दिवाणखान्यात ठेवला असता. त्यांनी त्याला आपल्या घरच्या माणसासारखं पोचवलं. फुटलेली मूर्ती पाण्यात सोडायची हे त्यांना बापजाद्यांनी शिकवलं होतं, आणि ती फोडायची कशी हे देशमुखांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण परिणाम असा झाला की जगात त्या दगडाचा पुरावा म्हणून एकच वस्तू उरली: माधवने काढलेलं चित्र.

ते चित्र आणि सोबत लेख त्याने एका संशोधनाच्या नियतकालिकाला पाठवला. लेखात त्याने सरळ लिहिलं होतं की असा देव इटलीतही आहे, त्याचं चित्र मी अमुक पुस्तकात पाहिलं, दोघांचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही. प्रामाणिक माणूस लिहील तसं. काही महिन्यांनी हैदराबादहून एक नामवंत डॉक्टर, म्हणजे विद्येचे डॉक्टर, चौकशीला आले. कॅमेरा, दोन नोकर, घडीची खुर्ची. उतरले देशमुखांकडेच. जेवले तिथेच, चौकशी केली तीही तिथल्याच बैठकीवर लोडाला टेकून. देशमुख काय सांगणार? मी पाहुण्यांच्या मोटारीसाठी देव फोडला असं? ते म्हणाले, “एक दगड होता खरा. हद्दीचा असावा. लोक काय, कशालाही शेंदूर फासतात.” डॉक्टरसाहेबांनी बाळाजी आबांचं घर विचारलंसुद्धा नाही. परत जाऊन त्यांनी आपल्या मोठ्या निबंधाच्या तळाशी एक टीप टाकली. तिचा मतलब एवढाच: गृहस्थ ड्रॉइंग मास्तर आहेत, त्यांच्याजवळ एट्रुस्कन देवाच्या चित्राचं पुस्तक आहे हे ते स्वतःच कबूल करतात, तेव्हा अधिक बोलण्याची गरज नाही. मी पत्र लिहून कळवलं की दगड मीही पाहिला आहे. उत्तर आलं की मित्राची साक्ष शास्त्रात धरत नाहीत.

बघा हं. त्याला चित्र चांगलं काढता येत होतं, म्हणून ते खोटं. त्याने पुस्तकाचं नाव लपवलं नाही, म्हणून तो चोर. वाईट चित्रकार आणि थोडा लबाड असता तर कदाचित मान्यता पावला असता. ती तळटीप अडीच ओळींची होती आणि माधव तिच्याखाली उरलेलं आयुष्य राहिला. शाळेत तपासनीस आले की हसून विचारत, “येच क्या वो दो मुँहवाले साब?” त्याचं लिखाण कुठे छापून येईना. पोरं फळ्यावर दोन तोंडांचा मास्तर काढून ठेवत. एकदा मी त्याच्याबरोबर वर्गात शिरलो तेव्हा तसंच चित्र होतं. मला वाटलं आता हा छडी उचलणार. त्याने खडू उचलला, डाव्या हाताने दोन जादा कान पुसले आणि म्हणाला, “चार नको. दोघांत मिळून दोनच.” मग पेला काढायला शिकवू लागला.

तर आता ही कमान. त्या घराण्याच्या कमानीवर चुन्याचा नवाकोरा राखण्या बसला, खाली माधवचं नाव आलं, की पुढच्या विद्वानाला प्रवासाचीही तसदी नको. दोन तोंडांचा देव? तो तर त्या ड्रॉइंग मास्तरने तयार केला, ही बघा त्याचीच कमान. तळटीप कायमची खरी ठरणार, तीही सन्मानाने, हारतुऱ्यांसह. मी वकीलसाहेबांना सभेनंतर गाठून हे सांगितलं. ते हसतमुखाने म्हणाले, “सर, तुम्ही फार खोलात जाता. लोकांना काहीतरी भव्य पाहिजे असतं.” चित्र तेवढं मास्तरांच्या घरून यायचं होतं.

म्हणून मी सरूवहिनींकडे गेलो. माधवची बायको. त्या निवडायला ज्वारी घेऊन बसल्या होत्या. मी तावातावाने सगळं बोललो, चित्र देऊ नका म्हणालो, कागद काढतो, तुम्ही सही करा म्हणालो. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“भाऊजी, तुमी आधी पाणी प्या,” त्या म्हणाल्या. “चित्राचं मंग बघू. उद्या माझ्यासंगं चला जरा.”

“कुठं?”

“गंगेवर. हे दर साली जायचे वैशाखात. घनसावंगीला बहिणीकडं जातो म्हणून तुमाला सांगायचे. बहीण कवाच वारली त्यांची.”

मी त्यांच्याबरोबर गेलो. वैधव्याचे दिवस, लोक बोलतील असं मी म्हणणार होतो, पण त्या तोवर दाराबाहेर पडल्या होत्या. नदी आटून दोन-तीन धारांवर आली होती. एका वळणाखाली तेवढा डोह शिल्लक होता. काठावर एक नाव होती. नावाड्याने वहिनींना ओळखलं; एका साली त्या माधवबरोबर आल्या होत्या. “औंदा मास्तर न्हाई आले, बाई?” त्याने विचारलं. “न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “आता मीच.” त्याने नाव सोडली. डोहाच्या मध्याच्या जरा अलीकडे त्याने ती स्थिर केली. वहिनींनी त्याच्याजवळचा लांब बांबू घेतला, पाण्यात सोडला आणि खाली ठोकला. आवाज नाही. गाळ. जरा सरकवून पुन्हा ठोकला. गाळ. तिसऱ्यांदा टक्क असा आवाज बांबूतून वर आला, कोरडा, दगडाचा.

“हाये,” वहिनी म्हणाल्या.

मला कळायला वेळ लागला. मग मी ओरडलोच. “त्याला ठाऊक होतं? ती टीप छापून आली तेव्हा ठाऊक होतं?”

“तवाच. ते आबांकडं भांडाया गेल्ते. आबांनी हितं आणून दाखवला, अन् वचन घेतलं. म्हणले, मास्तर, देवाला निरोप दिला की माघारी हाक मारत न्हाईत. तुमी पंडितांला दाखवाया वर काढताल. अन् मंग गावात एखादं लेकरू दगावलं की लोक माझ्या पोरांच्या दारात येतील. ह्यांनी पोचवला बराबर न्हाई म्हणून.”

“आणि माधवने ऐकलं? माधव देव मानत नव्हता!”

“म्या बी तेच म्हणले. तर म्हणतात कसे, देवाला मानत न्हाई, आबाला मानतो.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमाला सांगितलं असतं तर तुमी त्याच दिशी हैदराबादला कागद धाडला असता.” त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. “धाडला असता का न्हाई?”

धाडला असता. दोन प्रती काढून धाडला असता. पण म्हणून काय झालं? माधव, मी तुझ्यासाठी तपासनिसांशी भांडलो, हेडमास्तरांशी भांडलो, एका लग्नाच्या पंगतीत तुला लबाड म्हणणाऱ्या माणसाशी बोलणं कायमचं तोडलं, आणि तू हे पाण्याखाली ठेवून माझ्या डब्यातली चटणी खात होतास. एक शब्द टाकला असतास तर तो डॉक्टर तोंडावर पडला असता. शंभर माणसांत तुझी मान वर झाली असती. तू एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या पोरांच्या दाराचा विचार केलास आणि स्वतःच्या दाराला लोकांनी डांबर फासलं तरी हूं का चूं केलं नाहीस. देशमुखांवर माझा राग आहे, डॉक्टरांवर आहे, कमानीवर तर आहेच. पण त्या नावेत बसून मला सगळ्यात जास्त राग आला तो तुझा. अजून गेलेला नाही. इतका मोठेपणा करायचा तर निदान सांगून तरी करायचा...

काठाला लागल्यावर वहिनींनी निकाल दिला. चित्र मिळणार नाही. “त्यांला सांगा, वेस तुमी फोडली, आता उघडीच राहू द्या.” मी हे छापू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, छापा, जागा लिहू नका. वकीलसाहेबांनी चित्राविना काम अडणार नाही असं कळवलं आहे. कारागीर कल्पनेने घडवील म्हणे. घडवू दे. त्या चुन्याच्या बाहुल्याशी माधवचा काही संबंध नाही, हे मी इथे लिहून ठेवतो. खरा दगड काळा आहे, त्याचं बाहेरचं नाक फुटलेलं आहे, त्याचं आतलं तोंड शाबूत आहे, आणि तो जिथे आहे तिथे आहे. डॉक्टरसाहेबांना अजूनही शंका असेल तर त्यांनी जरूर यावं. गोदावरी लांबलचक आहे आणि आमच्याकडे बांबूला तोटा नाही. एका टोकापासून ठोकत निघावं.

त्या दिवशी नाव मागे वळवण्याआधी नावाड्याने सांगितलं, की मास्तर आवाज आल्यावर बांबू लगेच काढत नसत. टेकवलेलाच ठेवत, पाणी निवळेपर्यंत, हात डावा. मग त्याच्याकडून विडी मागून घेत. घरी ओढायची बंदी होती. वहिनींनी हे ऐकलं आणि बांबू माझ्याकडे दिला. मी तो खाली सोडला. दोनदा गाळ लागला. मग लागला तो. मी हात काढला नाही. नाव धारेने हळूहळू फिरत होती आणि बांबूचं टोक त्या दगडावर टेकलेलं होतं. त्याच्या कुठल्या तोंडावर, ते वरून कळत नाही.